पायाशी पडलेला रुमाल

सिडनीजवळच्या आमच्या पॅरामॅटात आता कुणाचेही आजोबा कैदी म्हणून आलेले नाहीत. विचारून बघा हवं तर. कुणाचे आजोबा हवापालटाला आले, कुणाचे मेंढ्या पाळायच्या हौसेनं आले, आणि आमच्या पाववाल्याचे आजोबा म्हणे चुकीच्या जहाजात बसले. मी म्हातारी झाले, दात गेले, पण डोळे आणि आठवण दोन्ही शाबूत आहेत. यातल्या बऱ्याच आजोबांच्या घोट्यांवर बेड्यांचे वण मी स्वतः पाहिलेत. मी काही बोलत नाही. ही मंडळी मला चहाला बोलावतात आणि मला चहा आवडतो.

टॅबीनं मात्र असलं सोंग कधी केलं नाही. टॅबिथा व्हिनी, लग्नाआधीची टॅबिथा क्राउच. माझी शेजारीण, माझी मैत्रीण, आणि खरं सांगायचं तर माझा ठरत आलेला नवरा माझ्या डोळ्यांदेखत पळवणारी बाई. नदीकाठच्या रस्त्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं. कोट, पाटलोणी सगळं शिवायची, पण नाव होतं ते खिशांचं. सिडनीच्या बाजाराला जाणारा व्यापारी आधी टॅबीकडे यायचा आणि कोटाला आतून खिसा लावून घ्यायचा. तिच्या खिशात हात घालणं सिडनीतल्या एकाही उचल्याला जमलं नाही. "मला जे चोरता येणार नाही तेच मी शिवते," ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक हसायचं आणि दोन खिसे जास्त लावून घ्यायचं.

तिच्या बैठकीत, जिथं इतरांकडे राणीची तसबीर असते तिथं, काचेच्या चौकटीत एक निळा रुमाल लावलेला होता. पांढऱ्या ठिपक्यांचा, धुऊन धुऊन विटलेला. एकदा नवीन पाद्री चहाला आला होता. त्यानं फार हळुवारपणे विचारलं, "कुणा जिवलगाची आठवण दिसते?"

"छे हो, चोरीचा माल आहे," टॅबी म्हणाली. "केक घ्या ना."

तो चोरीचा माल तिच्याकडे कसा आला ते मला माहीत आहे, कारण चोरी झाली तेव्हा मी तिच्या कोपराला कोपर लावून उभी होते.

टॅबी लंडनची. नदीच्या दक्षिणेला चामडं कमावणाऱ्यांच्या वस्तीत वाढली. तिथली पोरं वासावरून ओळखू यायची असं ती सांगे. आई दारोदार भाजीच्या जुड्या विकायची, ती खोकल्यानं गेली. मग टॅबीनं जत्रांमध्ये आणि फाशी बघायला जमणाऱ्या गर्दीत साहेबलोकांचे रेशमी रुमाल काढायला सुरुवात केली. चोराला फासावर चढताना बघायला माना वर झाल्या की खाली टॅबीची बोटं चालू. फक्त दोन बोटं. तिसरं लागलं तर फसलं. रुमाल हाताला लागला की मागच्या पोरीकडे द्यायचा, तिनं गल्लीतल्या म्हातारीकडे पोचवायचा, आणि म्हातारीनं कोपऱ्यातली मालकाच्या नावाची अक्षरं सुईनं उसवून टाकायची. नियम असा होता, आणि टॅबी पकडली गेली ती नियम मोडला म्हणून. दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. रुमाल पिवळाधमक आणि चांगला मोठा निघाला. टॅबीनं तो मागं द्यायच्या ऐवजी स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि तशीच रमतगमत निघाली. पुढच्या कोपऱ्यावर मालक समोर उभा.

चौदा वर्षं काळं पाणी. न्यायाधीश म्हणाला, काही सांगायचंय का. टॅबी म्हणाली, "साहेब, तिकडं ऊन असतं ना?"

मी त्याच जहाजावर होते. मी हेस्टर पॅव्ही, मालकिणीच्या कोठीतलं चीज खाल्लं म्हणून आलेली. चाकाएवढा अख्खा गोळा खाल्ला होता, खोटं कशाला बोलू. जहाजावर बाकीच्या बायका रडायच्या, ओकायच्या, भांडायच्या. टॅबी जहाजावरच्या डॉक्टरच्या खिशातून रोज रुमाल काढायची आणि रोज परत ठेवायची.

"परत ठेवायचाय तर काढतेस कशाला गं?" मी एकदा विचारलं.

"हात नुसता बसून राहिला की गंजतो," ती म्हणाली. "आणि परत ठेवणं जास्त अवघड असतं. तू करून बघ."

मी करून बघितलं नाही. माझे हात हे असे, फळकुटासारखे. पिठाचं पोतं उचलायला बरे.

सिडनीला उतरल्यावर आमची वाटणी झाली. टॅबी एका कापडवाल्याच्या घरी मोलकरीण म्हणून गेली. त्या घरातल्या एका कारकुनानं तिला लग्नाचं वचन दिलं आणि पोटुशी राहिल्यावर तो मेलबर्नच्या जहाजात बसला. त्याचं नाव टॅबीनं कधी घेतलं नाही, मीही घेत नाही. अशा बाईला मालक सरकारला परत करत असत, आणि सरकार तिला पॅरामॅटाच्या कारखान्यात धाडत असे. नाव कारखान्याचं, कामही कारखान्याचं, लोकर कातायची आणि जाड कापड विणायचं, पण दाराला कुलूप बाहेरून. मी आधीपासून तिथं होतेच. मालकिणीला उलट उत्तर दिलं होतं.

लेटी तिथंच जन्मली. भिंतीतल्या त्या अंगणात, दोरीवर वाळणाऱ्या कापडांखाली ती रांगायला शिकली. मी तिला खांद्यावर घेऊन फिरवायचे म्हणून ती मला 'उंच' म्हणायची. हेस्टर नाही, मावशी नाही, उंच. पोर चार वर्षांची झाली की आईजवळ ठेवत नसत. नदीच्या खालच्या अंगाला अनाथशाळा होती, तिथं नेत. आई जिवंत असली तरी शाळा अनाथांचीच. लेटीला नेलं तेव्हा टॅबी रडली नाही. पोरीच्या टोपीची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. गाडी गेल्यावर ती चरख्याशी बसली आणि कितीतरी दिवस कुणाशी बोलली नाही. मला तिची भीती वाटायला लागली होती.

मग एकदा बोलली. "हेस्टर, पोर परत मिळते. मी विचारलंय. नवरा हवा, त्याचं घर हवं, आणि त्यानं स्वतः जाऊन सांगायला हवं की मी हिला सांभाळीन."

"मग नवरा शोध," मी म्हटलं.

कारखान्यात नवरा शोधायला जावं लागत नसे, नवरेच येत. वसाहतीत बायकांचा दुष्काळ. शिक्षा भोगून मोकळा झालेला, जमीनजुमला केलेला माणूस अर्ज करायचा, आणि सोमवारी सकाळी आमच्यावर देखरेख करणाऱ्या मेट्रनबाई पहिल्या वर्गातल्या, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या, बायकांना अंगणात ओळीत उभं करायच्या. माणूस ओळीसमोरून चालत जायचा. जी पसंत पडेल तिच्या पायाशी रुमाल टाकायचा. तिनं उचलला की होकार. नाही उचलला की बिचाऱ्यानं वाकून आपला रुमाल घ्यायचा आणि पुढं चालायचं. आमच्यातल्या काही जणी तेवढीच गंमत बघायला न उचलता उभ्या राहायच्या. होकार झाला की दोघांना भिंतीशी चार शब्द बोलू देत, मग लग्नासाठी चर्चमध्ये नावं पुकारली जात.

टॅबी दिसायला छान होती. तिच्या पायाशी दोनदा रुमाल पडला. दोन्ही वेळा तिनं तो उचलला, भिंतीशी गेली आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "माझी मुलगी अनाथशाळेत आहे. तिला आणाल?" पहिल्यानं तिच्या हातातून रुमाल काढून घेतला. दुसरा जरा सभ्य होता, त्यानं नाक शिंकरायचंय म्हणून मागून घेतला. त्यानंतर गावात बातमी पसरली की त्या सोनेरी केसांच्या बाईच्या मागं पोर आहे, आणि टॅबीसमोर माणसं थांबेनाशी झाली.

"लग्न झाल्यावर सांग की," ओळीतल्या बायका म्हणायच्या. "आधी गळ टाकावा, मग मासा म्हणतो काय ते बघावं."

"आणि तो नाही म्हणाला तर?" टॅबी म्हणायची. "मग लेटीही नाही आणि आयुष्यभर तो."

अशात एका शुक्रवारी मेट्रनबाईंनी तिला बोलावून सांगितलं की निळ्या डोंगरांपलीकडे, बाथर्स्टच्याही पुढं, एका मेंढ्यांच्या मळ्यावर स्वयंपाकीण हवी आहे आणि तिचं नाव दिलंय. येत्या गुरुवारी बैलगाडी निघेल. डोंगरापलीकडे गेलेली बाई शिक्षा संपेपर्यंत परत येत नसे. तोवर लेटी आईचं तोंड विसरली असती आणि कुणाच्या तरी घरी भांडी घासायला लागली असती. टॅबी बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. तिच्या हातात उरला होता एक सोमवार.

आणि तो सोमवार माझा होता.

जेथ्रो व्हिनीची नदीवर नाव होती. सिडनीहून पीठ, साखर आणायचा, इकडून मका आणि संत्री न्यायचा. कारखान्याची पोती त्याच्याच नावेतून यायची आणि ती धक्क्यावरून आत आणायला मला पाठवत. माणूस अबोल. त्याच्याजवळ एक म्हातारी कुत्री होती, तिला तो 'बाईसाहेब' म्हणायचा. "बाईसाहेब, जरा पाय बाजूला घेता का, पोतं ठेवायचंय." कुत्री घ्यायचीही. त्या आठवड्यात त्यानं मेट्रनबाईंना विचारलं होतं, ती उंच बाई, दोन पोती एकदम उचलणारी, तिचं नाव काय. मग अर्ज केला. ही बातमी मला कळायच्या आधी अख्ख्या कारखान्याला कळली होती. बायकांनी मला फार छळलं.

"हेस्टरला वल्ही मारायला नेतोय गं तो."

"नेऊ दे. बाईसाहेबांच्या शेजारी बसायला मिळेल."

टॅबीनं माझी टोपी इस्त्री करून दिली. "चांगला माणूस आहे," ती म्हणाली. "जो कुत्रीची परवानगी मागतो तो बायकोवर हात उचलणार नाही. तुझं बरं होईल, हेस्टर." ते तिनं मनापासून म्हटलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

सोमवारी आम्ही ओळीत उभ्या राहिलो. माझ्या उजवीकडे टॅबी. जेथ्रो आला. दाढी केलेली, दोन ठिकाणी कापलेली, अंगात कुणाचा तरी उसना कोट. कोटाच्या खिशातून निळ्या रुमालाचं टोक दिसत होतं आणि त्यावर त्यानं डावा हात घट्ट दाबून धरला होता, जणू रुमाल पळून जाईल. ओळीतल्या कुणाकडे त्यानं मान वर करून पाहिलं नाही. नजर आमच्या बुटांवर. माझे बूट मोठे, ते त्याला सापडले असावेत. टॅबीसमोरून पुढं होऊन तो माझ्यासमोर येऊन थांबला.

मी इतकी खूश होते की खाली बघायचं विसरले. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून मला एक दिसलं. जेथ्रोनं घाम पुसायला खिशावरचा हात क्षणभर उचलला आणि टॅबीचा डावा हात तिच्या अॅप्रनजवळून निघून परत अॅप्रनजवळ आला. एवढंच. ती समोर बघत होती, चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. जेथ्रोनं खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात घातला. मग तो स्वतःभोवती फिरला.

निळा रुमाल टॅबीच्या पायाशी पडला होता.

"अहो मिस्टर व्हिनी, टाकलात की तुम्ही," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांना कामं होती.

टॅबी वाकली आणि तिनं रुमाल उचलला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षं जिच्याबरोबर एका पांघरुणात झोपले, जिची पोर खांद्यावर घेतली, तिनं माझा नवरा माझ्या नाकासमोरून उचलला होता. मी एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पहिल्या वर्गातल्या बाईनं कारखान्यात चोरी केली तर केस कापून तिला तिसऱ्या वर्गात टाकत, दगड फोडायला. माझं तोंड उघडलंही होतं. जेथ्रो माझ्याकडे बघत होता, त्याच्या कपाळावर घाम. आणि टॅबीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

तिनं विनवणी केली असती तर मी ओरडले असते. मी तशीच आहे. पण तिनं नुसतं पाहिलं. तिला स्वतःलाच धक्का बसलेला होता. पुढं तिनं मला सांगितलं की तिनं काही ठरवलं नव्हतं, हातानं केलं. मला ते तेव्हाच कळलं होतं. मला जेथ्रो हवा होता, फार हवा होता. पण मी त्याच्याशिवाय जगले असते. ती लेटीशिवाय जगली नसती.

"बघताय काय," मी जेथ्रोला म्हटलं. "रुमाल तिच्या हातात आहे. जा भिंतीशी."

तो गेला. दुसरं काय करणार, शेळीसारखा गेला. भिंत माझ्यापासून लांब नव्हती आणि माझे कान तेव्हा चांगले होते.

"हा मी टाकला नाही," जेथ्रो म्हणाला.

"नाही."

"तुम्ही काढलात?"

"हो." टॅबी म्हणाली. "माझी मुलगी अनाथशाळेत आहे. पाच वर्षांची आहे. गुरुवारी मला डोंगरापलीकडे नेणार आहेत. तुमची नाव रोज त्या शाळेवरून जाते. तुम्हाला दुसरी हवी होती ते मला माहीत आहे. तुम्ही आत्ता मेट्रनबाईंना सांगितलंत तरी मी काही म्हणणार नाही."

जेथ्रो म्हणाला, "मी हात दाबून धरला होता."

"घाम पुसायला उचललात."

"क्षणभर."

"मला क्षणभर पुरतो."

तो मान खाली घालून हलायला लागला. मला वाटलं रडतोय. हसत होता. "मी इथं मेंढी चोरून आलो," तो म्हणाला. "भर बाजारातून नेत होतो. सगळं गाव बघत होतं, मेंढी ओरडत होती." त्यानं डोळे पुसायला खिशात हात घातला, रुमाल नव्हता, टॅबीनं दिला. त्यानं डोळे पुसले आणि रुमाल तिला परत दिला. "मुलीचं नाव काय?"

"लेटी."

"बाईसाहेबांना मुलं आवडतात," जेथ्रो म्हणाला.

गुरुवारची बैलगाडी टॅबीला न घेता गेली आणि त्या रविवारी चर्चमध्ये त्यांची नावं पुकारली. स्वयंपाकीण म्हणून जी गेली तिला मीठ आणि साखर यातला फरक कळत नसे, त्या मळ्यावरच्या लोकांची मला अजून दया येते.

लग्नानंतर जेथ्रोनं पहिलं काम काय केलं, तर घरकामाला कैदी बाई हवी म्हणून अर्ज केला आणि माझं नाव घातलं. म्हणजे ज्या घरात मी मालकीण व्हायची तिथं मोलकरीण म्हणून गेले. पहिल्याच सकाळी टॅबी म्हणाली, "हेस्टर, चूल तेवढी पेटवशील का?"

"नवरा दिला, आता चूलही मीच पेटवू?" मी म्हटलं.

तिनं निमूटपणे चूल पेटवली. मी तिथं होते तोवर तीच पेटवत राहिली. मी नावेवर जायला लागले, वल्ही मारायला. जेथ्रोला हवं होतं ते त्यालाही मिळालं. पुढं मला एक सुतार भेटला, माझ्याहून उंच, त्याच्याशी मी लग्न केलं आणि सुखात राहिले. त्याच्याजवळ रुमालच नव्हता.

पण मला सांगायचंय ते लेटीला आणायला गेलो त्या दिवसाचं. टॅबीनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. नावेत ती ताठ बसली होती, लग्नातला झगा घालून, तो निळा रुमाल बाहीत खोचून. "ती मला ओळखणार नाही," ती दर वळणाला म्हणायची. जेथ्रो सुकाणूवरून दर वेळी म्हणायचा, "मग मी ओळख करून देईन, ही टॅबी म्हणून."

अनाथशाळेच्या पायऱ्यांवर आम्हाला थांबवलं. जेथ्रो टोपी हातात घेऊन आत गेला आणि बाहेर आला तो एका मुलीला पुढं घालून. किती लहान दिसत होती ती. राखाडी झगा, सरकारी पांढरी टोपी, हात पाठीमागं. टॅबी गुडघ्यांवर बसली. तिनं काय काय बोलायचं ठरवलं होतं ते मला माहीत होतं, आठवडाभर तेच ऐकत होते. त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नाही.

"नमस्कार, बाईसाहेब," लेटी म्हणाली. शाळेत सगळ्याच बायकांना तसं म्हणायला शिकवत.

टॅबीनं तिला उचललं आणि नावेत आणून बसवलं. पोर दोघींच्या मधे लाकडासारखी बसली. संत्रं दिलं तर हातात धरून ठेवलं. कुत्रीनं तिचे गुडघे चाटले तरी हलली नाही. मी म्हटलं, "लेटी, मी उंच." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परत संत्र्याकडे पाहिलं. भरती लागली होती, मी वल्ही उचलली आणि आम्ही पॅरामॅटाकडे वळलो.

थोडं पुढं गेल्यावर टॅबीचा बांध फुटला. इतकी वर्षं नाही ती त्या दिवशी रडली, तोंड नदीकडे फिरवून, पोरीला दिसू नये म्हणून. रडता रडता तिनं बाहीत हात घातला. मग दुसऱ्या बाहीत घातला. मग झगा झटकला.

"रुमाल," ती म्हणाली. "जेथ्रो, माझा रुमाल पडला. पायऱ्यांवर पडला असणार. नाव फिरवा."

"पायऱ्यांवर तर होता तुझ्या बाहीत," जेथ्रो म्हणाला. "मी पाहिला."

तेवढ्यात मला दिसलं. लेटीच्या मुठीतल्या संत्र्याखालून निळं टोक डोकावत होतं. मी टॅबीला पायानं ढोसलं. तिनं पाहिलं आणि तिचं रडणं जागच्या जागी थांबलं. अख्ख्या लंडनला गंडवणारी बाई, आणि तिच्या बाहीतून रुमाल गेला तरी तिला पत्ता नाही.

"लेटी," तिनं फार हळू विचारलं, "हा कधी घेतलास?"

लेटीनं मूठ घट्ट केली. "तुम्ही मला उचललंत तेव्हा."

"का घेतलास, राणी?"

पोर पाण्याकडे बघत म्हणाली, "परत सोडलंत तर माझ्याजवळ राहावा म्हणून."

माझी वल्ही पाण्यातच राहिली. टॅबीनं लेटीच्या हनुवटीखालची नाडी शोधली, सोडली, ती सरकारी टोपी डोक्यावरून काढली आणि लांब पाण्यात भिरकावली. मग मुठीतला रुमाल मागून घेतला, "देतेस का जरा?" असं विचारून, आणि पोरीच्या डोक्याला बांधला. गाठ मारताना तिची बोटं चुकत होती.

"हा तुझा," ती म्हणाली. "आणि मी तुझी आई. आता कुणी कुणाला परत सोडायचं नाही."

लेटीनं डोक्यावरच्या रुमालाला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उंच, तू वल्ही मारत नाहीयेस."

मी मारायला लागले. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण वल्ही मारायला डोळे लागत नाहीत.

"टॅबी," मागून जेथ्रो म्हणाला, "ती टोपी सरकारी मालमत्ता होती."

"मग सरकारनं येऊन न्यावी," टॅबी म्हणाली.

टोपी थोडा वेळ तरंगली, मग पाण्याखाली गेली. लेटीनं संत्रं सोलायला घेतलं आणि पहिली फोड कुत्रीला दिली, आधी तिची परवानगी मागून, कारण जेथ्रोनं तसं सांगितलं.